बर्फ पडण्याआधी पाण्याचा हिशेब

थंडी एकटी घर मोडत नाही. उणे २० अंशांची कोरडी हवा आठवडाभर भिंतींवर आदळत राहिली तरी वीट, लाकूड, काच यांचं फारसं बिघडत नाही. आतली माणसं कुडकुडतात, इंधनाचं बिल फुगतं, इतकंच. मोडतोड करतं ते पाणी: पाइपात अडकून पडलेलं, छपरावर वितळून वळचणीशी पुन्हा गोठलेलं, आंघोळीतून आणि श्वासातून वाफ होऊन माळ्यावर चढलेलं, पायरीवर पातळ थर धरून बसलेलं. हिवाळ्याची तयारी म्हणजे हीटर आणि जाड पांघरुणं असं धरून चाललं की पाण्याची ही सगळी ठिकाणं नजरेतून सुटतात. त्यापेक्षा दोन प्रश्न हातात घेऊन घरभर फिरावं. पाणी कुठे थांबतं? आणि हवा कुठून कुठे जाते?

हे फिरणं पहिल्या बर्फाच्या निदान दीड महिना आधी व्हायला हवं. फटी बुजवायची बरीचशी सीलंट ५ अंशांच्या खाली नीट धरत नाहीत, ओल्या पृष्ठभागावर तर बहुतेक नाहीतच. स्प्रे फोम गारठ्यात पुरता फुलत नाही. छपरावर चढायचं तर ते कोरडं हवं. घर तापवणारा बॉयलर (पाणी तापवून फिरवणारा) किंवा फर्नेस (हवा तापवून फिरवणारी भट्टी) तपासणारा कारागीर पहिली थंडीची लाट आल्यावर कुणाच्या हाती लागत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्याची म्हण इथे शब्दशः लागू पडते, कारण जमीन गोठली की बाहेरचं खणायचं कुठलंच काम होत नाही.

सुरुवात मेन व्हॉल्व्हपासून करावी. घरातलं सगळं पाणी बंद करणारा हा व्हॉल्व्ह कुठे आहे, हे पोराबाळांसकट सगळ्यांना माहीत असावं. तो बहुधा मीटरजवळ किंवा मुख्य पाइप घरात शिरतो तिथे असतो. दांडीचा बॉल व्हॉल्व्ह असेल तर काम सोपं आहे: दांडी पाइपला समांतर म्हणजे चालू, काटकोनात म्हणजे बंद. गोल चाकाचा गेट व्हॉल्व्ह असेल तर वर्षानुवर्षं न फिरवल्याने तो आत क्षार धरून बसलेला असतो आणि पाइप फुटल्यावर घाईत जोर लावला की त्याचा दांडा तुटतो. तो आधीच, सवडीने, थोडा पुढे थोडा मागे करत पूर्ण बंद करून पाहायचा. मग घरातला सर्वांत खालचा नळ उघडायचा. पाइपांत उरलेलं पाणी वाहून गेल्यावर धार थांबली तर ठीक. बारीक का होईना, ती चालूच राहिली तर आतली चकती बसत नाही आणि व्हॉल्व्ह बदलण्याची वेळ झाली आहे. पुन्हा उघडताना चाक शेवटपर्यंत नेऊन पाव फेरा मागे घ्यावं, म्हणजे ते उघड्या अवस्थेत चिकटत नाही. या खटाटोपात दांड्याभोवती पाणी झिरपू लागलं तर घाबरण्यासारखं काही नाही. पॅकिंगचा नट अगदी जरासा, फेऱ्याच्या आठव्या हिश्शाएवढा आवळला की बहुतेकदा ते थांबतं.

आता पाइप. पाणी ४ अंशांपर्यंत आकसतं, त्याखाली पसरू लागतं आणि गोठताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, हे शाळेत शिकलेलं असतं. त्यावरून वाटतं की बर्फ जिथे झाला तिथेच पाइप फुटणार. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा बर्फ नसलेल्या जागी फुटतो. पाइपात बर्फाचा बोळा बसतो आणि हळूहळू लांबत जातो. त्याच्या आणि बंद नळाच्या मधलं पाणी कोंडलं जातं. पाणी काही दाबून लहान होत नाही, त्यामुळे त्या कोंडीतला दाब नेहमीच्या दाबाच्या कितीतरी पट चढतो आणि जिथे सांधा कच्चा असेल तिथे पाइप उकलतो. कडाक्याच्या रात्री नळ थेंब थेंब सोडून ठेवा म्हणतात ते यासाठी. वाहतं पाणी सहसा गोठत नाही हा त्यातला छोटा फायदा. खरा फायदा हा की पुढे बोळा बसलाच तरी दाबाला निघून जायला वाट राहते. त्यासाठी मेन व्हॉल्व्हपासून सर्वांत लांबचा, बाहेरच्या भिंतीवरचा नळ निवडावा आणि गरम-गार दोन्ही बाजू किंचित उघड्या ठेवाव्यात. गरम पाण्याचा पाइप गोठत नाही असं समजू नये. गीझर चालू असला तरी रात्रभर पाइपात उभं राहिलेलं पाणी गारच असतं.

इन्सुलेशन नसलेले पाइप बाहेर उणे ६-७ अंश झाले की धोक्यात येतात, असा ढोबळ ठोकताळा आहे. वारा सुटला की तो ठोकताळा निकामी. केबल किंवा गॅसची नळी भिंतीतून आत येते तिथलं बोटभर भोक बुजवायचं राहून गेलेलं असतं. त्यातून येणारा झोत पाइपच्या नेमक्या एका कोपऱ्यावर बसतो आणि बाकी सगळा पाइप शाबूत असताना तेवढाच तुकडा गोठतो. तेव्हा आधी ही भोकं बुजवायची आणि मगच पाइपांना फोमच्या नळ्या चढवायच्या. नळीचा आतला व्यास पाइपच्या बाहेरच्या व्यासाएवढा घ्यावा. सैल नळीत हवा खेळते आणि पैसे वाया जातात. कोपऱ्यावर ४५ अंशांत काप घेऊन दोन तुकडे जोडावेत आणि सगळ्या फटी टेपने बंद कराव्यात. सरळ पाइप झाकून कोपरे, व्हॉल्व्ह आणि क्लॅम्प उघडे ठेवण्याची सवय फार सार्वत्रिक आहे, आणि गोठायला सुरुवात नेमकी तिथूनच होते.

या नळ्यांबद्दल एक गैरसमज आहे. इन्सुलेशन उष्णता तयार करत नाही. असलेली उष्णता सावकाश जाऊ देतं, एवढंच. न तापवलेल्या गॅरेजमध्ये, जिथे दोन-दोन दिवस कुणी नळ उघडत नाही, तिथे कितीही जाड आवरण चढवलं तरी पाणी गोठायचं ते गोठणार, फक्त उशिरा. अशा ठिकाणी पाइप रिकामा तरी करावा, नाहीतर त्यावर हीटिंग केबल लावावी. ही केबल एकमेकींवर येणार नाही अशी लावायची, तिचा थर्मोस्टॅट असेल तर तो पाइपच्या सर्वांत गार भागाला टेकवायचा, आणि ती गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणाऱ्या सॉकेटवरच चालवायची. बाहेरच्या भिंतीच्या आत पाइप असेल तर इन्सुलेशन पाइप आणि बाहेरची बाजू यांच्या मध्ये हवं. पाइप आणि खोली यांच्या मध्ये ते भरलं तर खोलीची ऊब पाइपपर्यंत पोचण्याची वाटच बंद होते. स्वयंपाकघराचं सिंक बाहेरच्या भिंतीला असेल तर रात्री खालच्या कपाटाची दारं उघडी ठेवण्याचा साधा उपायही याच तत्त्वावर चालतो. मात्र आतली साफसफाईची रसायनं लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी आधी हलवावीत.

बाहेरच्या नळाकडे जरा जवळून पाहायला हवं, कारण तिथला अपघात हिवाळ्यात घडतो आणि उघडकीला येतो उन्हाळ्याच्या तोंडावर. साध्या नळासाठी आतल्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करायचा, बाहेरची तोटी उघडायची आणि आतल्या व्हॉल्व्हवरची छोटी निचऱ्याची टोपी सैल करून मधलं पाणी बादलीत काढायचं. तोटी हिवाळाभर उघडीच ठेवायची. बर्फाच्या प्रदेशांसाठी बनवलेल्या खास नळात पाणी अडवणारी वायसर तोटीत नसते. ती लांब दांड्याच्या टोकाला, भिंतीच्या आत वीस-तीस सेंटिमीटरवर, घराच्या उबेत असते. नळ बंद केला की पुढच्या नळीतलं पाणी उतारावरून बाहेर निघून जातं आणि गोठायला काही उरत नाही. पण बागेचा पाइप तोटीला लावलेलाच राहिला तर पाणी निघायला वाट उरत नाही. ती लांब नळी भरलेली राहते, गोठते आणि भिंतीच्या आत उभी चिरते. बाहेरून काहीच दिसत नाही, नळ बंद असल्यामुळे गळतही नाही. पुढे कधीतरी झाडांना पाणी घालायला तोटी उघडली की पाणी बाहेर कमी आणि भिंतीच्या आत जास्त पडतं. सगळा बचाव एका कृतीत आहे: बागेचा पाइप काढून, झटकून, गुंडाळून आत ठेवणे. नळी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती बसवली आहे ना, तेही तेव्हाच पाहून घ्यावं.

घर बंद ठेवून जायचं असेल तर थर्मोस्टॅट १३ अंशांखाली नेऊ नये. खोलीत ७-८ अंश पुरेसे वाटतात, पण भिंतीच्या पोटात त्याहून बरंच गार असतं. अनुपस्थिती लांबणार असेल तर पाणी काढून टाकणंच शहाणपणाचं. गीझरची वीज किंवा गॅस आधी बंद करावा, कारण टाकी रिकामी झाल्यावर हीटिंग एलिमेंट चालू राहिलं तर ते जळतं. मग मेन बंद, सगळे नळ उघडे, सर्वांत खालच्या नळातून निचरा, फ्लशच्या टाक्या रिकाम्या. बेसिनखालच्या वळणात मात्र पाणी उरतंच, आणि ते उरायलाच हवं, नाहीतर गटाराचा वायू घरात येतो. तिथे नळकामासाठी मिळणारं प्रोपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ पाव ते अर्धा लिटर ओतावं. गाडीच्या रेडिएटरमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते इथे चालत नाही. कपड्यांचं आणि भांड्यांचं यंत्र यांच्या नळ्या आणि पंप हमखास विसरले जातात.

एवढं करूनही एखाद्या सकाळी नळाला बारीक धार आली किंवा आलीच नाही तर पाइप गोठला आहे, फुटला असेलच असं नाही. फुटला की नाही ते बर्फ वितळतानाच कळतं, त्यामुळे वितळवण्याआधी मेन व्हॉल्व्हजवळ एक माणूस उभा करावा. नळ उघडा ठेवून हेअर ड्रायरने पाइप गरम करायला नळाच्या बाजूने सुरुवात करायची आणि बर्फाकडे सरकत जायचं. बर्फाच्या मध्यावरच तापवलं तर वितळलेलं पाणी आणि वाफ दोन बर्फांच्या मध्ये कोंडते. ब्लोटॉर्च, मेणबत्ती, कुठलीही उघडी ज्योत वापरू नये. भिंतीत धुमसणारी आग लागते ती बऱ्याचदा अशाच उद्योगातून.

इथून हवेकडे वळू. तापलेलं घर हे एक रुंद धुराडंच असतं. गरम हवा वर चढते, माळ्याच्या फटींमधून निसटते आणि तिची जागा भरायला खालच्या फटींमधून गार हवा आत ओढली जाते. दाराखालून पायांना झोंबणारा वारा दारापाशी जाणवत असला तरी त्याला ओढणारं बळ बरंचसं डोक्यावरच्या भोकांतून येतं. खिडक्यांच्या कडा चिकटपट्टीने बंद करण्यात एक अख्खा रविवार घालवून माळ्याचं झाकण तसंच सोडणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आधी वरच्या फटी, मग तळघराच्या, सर्वांत शेवटी मधल्या मजल्यांच्या.

फटी शोधायला उदबत्तीएवढं चांगलं साधन नाही. वाऱ्याच्या, गार दिवशी दारं-खिडक्या बंद करून स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा चालू करायचा, म्हणजे घरातला दाब कमी होऊन बाहेरची हवा प्रत्येक फटीतून आत येऊ लागते. उदबत्तीचा धूर सरळ वर जाण्याऐवजी जिथे हलकेच मोडतो तिथे खडूने खूण करायची. त्याआधी तेल किंवा गॅसवर जळणारी उपकरणं बंद ठेवावीत, नाहीतर पंख्यांच्या ओढीने त्यांचा धूर उलटा घरात येईल. खुणा सापडतात त्या ठरलेल्या जागी: माळ्याच्या झाकणाभोवती, छतात बसवलेल्या दिव्यांशी, सांडपाण्याचा उभा पाइप माळ्यात शिरतो तिथे, बाहेरच्या भिंतीवरच्या सॉकेटांत, आणि पायाच्या भिंतीवर लाकडी चौकट टेकते त्या लांबलचक सांध्यात. सुमारे ६ मिलिमीटरपर्यंतची फट सीलंटने भरावी. त्याहून रुंद असेल तर आधी फोमची दोरी दाबून वरून सीलंट. बोटभर किंवा मोठी असेल तर स्प्रे फोम. खिडकीच्या चौकटीभोवती कमी फुलणारा फोमच वापरावा, कारण साधा फोम फुलताना चौकट आत ढकलतो आणि खिडकी अडकू लागते. धुराड्याभोवतीच्या फटीत फोम अजिबात नको. तिथे पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंट हवं.

दारांची परीक्षा कागदाने होते. कागद चौकटीत धरून दार लावायचं आणि ओढायचा. विनासायास निघाला तर तेवढ्या भागात पट्टी दबत नाही. कित्येकदा पट्टी बदलायची गरजच नसते. बिजागरीचे स्क्रू आवळले किंवा कुलपाची पट्टी दोन मिलिमीटर आत सरकवली की काम होतं. चिकटणारी स्पंजची पट्टी एक-दोन हिवाळ्यांत चपटी होते. पोकळ रबराची पट्टी महाग असते, पण पुष्कळ वर्षं टिकते.

माळ्यावरचं इन्सुलेशन फटी बुजवल्यावरच वाढवावं. काचेच्या लोकरीतून हवा आरपार जाते. ती हवेला अडवत नाही, गाळते. म्हणूनच जुनं इन्सुलेशन उचललं की कुठे कुठे खालच्या बाजूला काळपट डाग दिसतात. ती बुरशी असेलच असं नाही. बहुधा ती वर्षानुवर्षं गाळलेली धूळ असते आणि त्या डागाच्या बरोबर खाली फट असते. इतका सरळ नकाशा दुसरा कुठलाच मिळत नाही, त्यामुळे नवीन थर टाकायच्या घाईत तो झाकून टाकू नये.

या निसटणाऱ्या हवेबरोबर वाफही वर जाते. माळ्यावर छपराच्या फळ्यांतून खाली आलेली खिळ्यांची टोकं थंडीत पांढरी झालेली दिसतात. तो हिमाचा थर. ऊन पडलं की ते सगळे खिळे एकदम ठिबकू लागतात, खालच्या छताला डाग पडतात आणि छप्पर गळतंय असं समजून वर माणूस चढवला जातो. छपराचा काही दोष नसतो; पाणी घरातलंच असतं. न्हाणीघराच्या पंख्याची नळी माळ्यावर मोकळी सोडलेली असेल तर हा प्रकार हमखास होतो. ती नळी इन्सुलेशन गुंडाळून छपरातून किंवा भिंतीतून थेट बाहेर नेली पाहिजे.

वळचणीला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळक्यांचे फोटो सगळेच काढतात. जाणकाराला त्यात उष्णतेची गळती दिसते. माळा गरम असला की छपरावरच्या बर्फाचा खालचा थर वितळतो, पाणी उतरत वळचणीपर्यंत येतं. वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली ऊब नाही, त्यामुळे तिथे ते पुन्हा गोठतं. असा बांध दिवसेंदिवस उंचावतो, मागे पाण्याचं तळं साचतं. शिंगल (छपरावर एकावर एक चढवलेले पातळ तुकडे) किंवा कौलं वाहून जाणारं पाणी अडवण्यासाठी रचलेली असतात, साचलेलं पाणी अडवण्यासाठी नाही. ते उलटं चढून फळ्यांत आणि तिथून भिंतीत उतरतं. पन्हळी पानांनी तुंबल्या असतील तर बांध लवकर धरतो, म्हणून पानगळ संपल्यावर त्या साफ कराव्यातच, पण मूळ कारण पन्हळी नव्हे. छप्पर गार ठेवणं हाच खरा इलाज: फटी बंद, इन्सुलेशन पुरेसं, आणि वळचणीतून माळ्यात शिरून माथ्यावरून निघणारा गार हवेचा प्रवाह मोकळा. इन्सुलेशन वाढवताना वळचणीच्या झरोक्यांवर ते दाबून बसवलं तर हा प्रवाह तुटतो. छपराच्या फळ्यांखाली निदान अडीच ते पाच सेंटिमीटरची वाट सोडणारी पन्हळीदार पट्टी आधी लावून घ्यावी. बांध धरलाच तर जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या खोऱ्याने वळचणीकडचा मीटर-दीड मीटर बर्फ ओढून काढावा. पातळ मोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरून तो बांधावर आडवा टाकला की पाण्याला चर मिळते. कुऱ्हाडीने बांध फोडायला जाणारे बर्फाआधी छप्पर फोडतात.

खिडक्यांवर साचणारं पाणीही हिशेबात धरायचं. खोलीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, साधारण ९ अंशांवर येतो. आर्द्रता ३० टक्के असेल तर २ अंशांच्या आसपास. बाहेर उणे १० असताना एकेरी काचेची आतली बाजू शून्याच्या खाली जाते, जुन्या दुहेरी काचेची ९ अंशांच्या आसपास राहते, नव्या लेपाच्या दुहेरी काचेची त्याहून बरीच वर. म्हणजे ५० टक्के आर्द्रतेला जुनी दुहेरी काच घामेजायला लागते. उलट बाजूने, उणे १० अंशांची हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता १५ टक्क्यांच्याही खाली घसरते. ओठ फुटतात, लाकडाच्या फटी रुंदावतात, मग ह्युमिडिफायर आणला जातो आणि काचा पुन्हा वाहू लागतात. ३० ते ४० टक्क्यांच्या मध्ये राहावं, कडाका वाढेल तसं खालच्या टोकाकडे. एक साधा आर्द्रतामापक या बाबतीत अंदाजांपेक्षा बरा. जाड पडदे ऊब राखतात खरे, पण काच खोलीपासून तोडून आणखी गार करतात; सकाळी ते सरकवून काच पुसली नाही तर चौकटीच्या खालच्या लाकडाला बुरशी धरते.

तापवणाऱ्या यंत्रणेचं बरंचसं काम कारागिराचं आहे. घरच्याने फर्नेसचं फिल्टर एक ते तीन महिन्यांनी बदलावं. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल तर आत हवा आहे: यंत्रणा बंद करून, निवल्यावर, चावीने पाव फेरा उघडून हवा जाऊ द्यायची आणि पाणी आलं की बंद करायचं. खालून गार असेल तर गाळ आहे, तो चावीने जात नाही. हवा काढल्यावर बॉयलरचा दाब पाहावा. थंड अवस्थेत बहुतेक घरगुती बॉयलरना १ ते १.५ बार लागतो. कंडेन्सिंग बॉयलर (धुरातली वाफ निववून तिचीही उष्णता वापरणारा) ऐन कडाक्यात गुळगुळ आवाज करून बंद पडला तर बहुधा त्याची पाणी बाहेर सोडणारी नळी गोठलेली असते. बाहेरून तिच्यावर कोमट पाणी ओतून बॉयलर पुन्हा चालू करावा, उकळतं ओतू नये. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणणाऱ्या हीट पंपाचं बाहेरचं यंत्र नेहमीच्या बर्फाच्या थरापेक्षा उंच चौथऱ्यावर हवं. मधूनच त्यातून वाफ निघते ते बिघडल्याचं लक्षण नाही, ते स्वतःवरचं हिम वितळवत असतं.

एक धोका पाण्याचा नाही, आणि तोच सर्वांत गंभीर आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. भिंतीतून बाहेर काढलेली फर्नेसची नळी बर्फाच्या ढिगाने बुजली की हा वायू घरात परतू शकतो, म्हणून ती नळी नेमकी कुठे आहे ते बर्फाआधी पाहून तिथे उंच काठी रोवावी आणि प्रत्येक हिमवर्षावानंतर सगळ्यात आधी तीच मोकळी करावी. अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ हवा. त्याच्या पाठीवर बाद होण्याची तारीख असते. बटण दाबल्यावर वाजणारा जुना अलार्म वायू ओळखेलच असं नाही, बटण फक्त भोंगा तपासतं. वीज गेल्यावर जनरेटर गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनही, चालवायचा नाही. घरापासून निदान ६ मीटर लांब, धूर खिडक्यांकडे येणार नाही असा ठेवायचा. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर सगळ्यांनी बाहेर पडून तिथूनच मदत बोलवावी. शेगडीत लाकूड जाळत असाल तर ते २० टक्क्यांहून कमी ओलाव्याचं हवं. ओल्या लाकडाची उष्णता पाणी उकळण्यातच जाते आणि धुराड्यात डांबरासारखी काजळी चढते, तीच पुढे पेट घेते. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, घराबाहेर. निखारे राखेखाली दिवसच्या दिवस जिवंत राहतात.

बर्फ पडायला लागल्यावर लोकांची नजर जाडीवर असते. पाहायचं असतं वजन. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, बसलेला २०० ते ३००, पाऊस प्यालेला ४०० च्याही वर. म्हणजे ३० सेंटिमीटर ताज्या बर्फाचं ओझं चौरस मीटरला फार तर ३० किलो, आणि तेवढ्याच जाडीच्या ओल्या बर्फाचं १०० किलोंच्या पुढे. बर्फावर पाऊस पडतो तेव्हा जाडी कमी होताना दिसते आणि वजन वाढत असतं. वरच्या मजल्यावरची दारं अचानक अडकू लागली, छताला नवी चीर दिसली किंवा लाकूड करकरू लागलं तर सामान आवरत बसू नये, बाहेर पडावं.

वाटेवरचा बर्फ दहा-दहा सेंटिमीटरला काढत गेलेलं बरं. तीन मीटर रुंद आणि दहा मीटर लांब वाटेवर दहा सेंटिमीटर ताजा बर्फ म्हणजे सुद्धा दीडशे ते तीनशे किलो. ढकलता येईल तिथे उचलू नये. हृदयविकार असलेल्याने फावडं हाती घेऊच नये. बर्फ काढणाऱ्या यंत्राच्या तोंडात गोळा अडकला तर इंजिन बंद करून, पाती थांबल्याची खात्री करून काठीने काढायचा. इंजिन बंद असतानाही पात्यांत ताण उरलेला असतो आणि गोळा सुटताच त्या एकदा फिरतात, तेवढ्यात बोटं जातात. यंत्राच्या मऊ पिना तुटण्यासाठीच बनवलेल्या असतात. तुटलेल्या पिनेच्या जागी साधा बोल्ट घातला की पुढच्या दगडाला गिअरबॉक्स मोडतो. मीठ बर्फ काढून झाल्यावर, उरलेल्या पातळ थरासाठी. साधं मीठ उणे ९-१० अंशांच्या खाली जवळपास थंडावतं, तिथे कॅल्शियम क्लोराइड लागतं किंवा सरळ वाळू. वाळू काही वितळवत नाही, पण पाय धरून ठेवते. वर्षभराच्या आतल्या काँक्रीटवर मीठ टाकू नये, त्याचे पापुद्रे सुटतात.

काढलेला बर्फ कुठे टाकायचा हेही आधीच ठरवून ठेवावं. एक घनमीटर बसलेला बर्फ म्हणजे वितळल्यावर दोनशे ते तीनशे लिटर पाणी. तो ढीग भिंतीला टेकवून रचला तर सगळं पाणी पायाशी मुरतं, आणि खालची जमीन अजून गोठलेली असल्यामुळे ते खोल न जाता तळघराकडे सरकतं. ढीग उताराच्या खालच्या बाजूला हवेत. पन्हळीच्या उभ्या पाइपांना जोड लावून त्यांचं तोंड पायापासून दीड-दोन मीटर लांब न्यावं. तळघरात उपसा पंप असेल तर बर्फ वितळू लागण्याआधी त्याच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पाहावं: तरंगणारा गोळा वर येऊन पंप चालू झाला पाहिजे, पाणी ओसरल्यावर बंद झाला पाहिजे, आणि बंद झाल्यावर पाणी उलटं खड्ड्यात येता कामा नये. तसं येत असेल तर नळीवरचा एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह खराब आहे. मग बाहेर जाऊन नळीचं दुसरं टोक पाहावं. पंप उत्तम चालतो आणि तरीही तळघर भरतं, तेव्हा बहुतेक वेळा ते टोक बर्फात गाडलेलं असतं.